घोटण्यांच्या घरात लाल चकती

कोल्हापुरात माणसाची ओळख आधी पेठेवरून व्हायची, मग तालमीवरून. आता दंडावरून होते, म्हणजे दंडावर चिकटवलेल्या तपासणीच्या चकतीवरून. चकती हिरवी असेल तर माणूस छाती काढून चालतो, पिवळी असेल तर चारचौघांत जरा बेतानं बोलतो, आणि लाल असेल तर लग्नाच्या पंगतीत तांबड्या रश्श्याची बादली घेऊन आलेला वाढपी त्याच्या दंडाकडं बघून पुढच्या पानाकडं सरकतो. आमच्या गावात याहून मोठा अपमान अजून कुणी शोधून काढलेला नाही.

मी राजनंदिनी सर्जेराव घोटणे. घरात मला नंदी म्हणतात. बाहेर कुणाची तशी हाक मारायची हिंमत नाही. वजन अडुसष्ट किलो, हुकमी डाव ढाक, आणि राग नाकावर. माझे पप्पा मंगळवार पेठेत मटण विकतात, त्यांचे वडील तेच करायचे आणि त्यांचेही वडील तेच. मी कुस्ती खेळते. तुम्हाला ही दोन वेगळी वाक्यं वाटतील, पण पप्पांच्या लेखी ते एकच वाक्य होतं. बाप मटण विकतो म्हणून पोरगी कुस्ती मारते, असा त्यांचा हिशेब. पाच वर्षांची असल्यापासून कलेजी, नळी, खिमा, जे जे उत्तम ते आधी माझ्या ताटात पडायचं आणि उरलेलं गिऱ्हाइकाला जायचं.

पप्पांच्या दंडावर चकती होती ती दुकानासाठी. ती कायम हिरवी. दिवसभर मटणात हात आणि रोज एक वेळ मटण पोटात, तरी हिरवी! ते काउंटरवर मुद्दाम बिनबाह्यांची बंडी घालून उभे राहायचे. मी मात्र चकती लावलीच नव्हती. रोज पहाटे बैठका आणि सपाट्या मारणाऱ्या तरण्याताठ्या पोरीला असल्या डॉक्टरी दागिन्याची गरज काय, असं मला वाटायचं. तालमीत सगळ्यांनाच तसं वाटायचं.

मग राज्याच्या शिबिरासाठी माझं नाव आलं. ते शिबिर म्हणजे थेट देशाच्या संघाचा उंबरठा. सोबत नवा नियमही आला. आधीच्या काही वर्षांत चांगले धडधाकट खेळाडू भर मैदानात छातीला हात लावून खाली बसले होते, म्हणून आता प्रत्येक खेळाडूला चकती सक्तीची झाली होती. निवड चाचणीच्या दिवशी ज्याची चकती लाल, त्याला दार बंद.

"लाव की," पप्पा म्हणाले. "घोटण्यांचं रक्त हाय. हिरवीगार निघंल."

चकती लावल्यावर तिला माणूस ओळखायला आठवडाभर लागतो. तो आठवडा रविवारी संपला. आम्ही जेवायला बसलो होतो. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं, आणि माझ्या ताटात नेहमीप्रमाणे नळ्यांचा ढीग. आईचा हात भाकरी वाढता वाढता थांबला. ती माझ्या दंडाकडं बघत होती. मी मान वळवून बघितलं तर चकती लालभडक झाली होती.

पप्पांनी आपला दंड माझ्या दंडाला लावला. एकाच घरातलं, एकाच पातेल्यातलं मटण, आणि एक हिरवी, एक लाल. "यंत्र बिघडलंय," त्यांनी निकाल दिला आणि नळी झटकून पुन्हा खायला लागले. पण त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागितली नाही.

शिबिराच्या तपासणीचं काम डॉक्टर पद्मजा उपाध्ये बघायच्या. त्या जवळच्याच रुकडीच्या. जैन घरातल्या, आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. पप्पांनी हे ऐकलं तेव्हा प्रयोगशाळेच्या पायरीवरच ते माझ्या कानाला लागले, "या बाईला मटणातलं काय कळणार गं?" डॉक्टरीणबाईंचे कान तिखट होते.

"शिजवता येत नाही, सर्जेराव. पण पोटात गेल्यावर त्याचं काय होतं ते कळतं," त्या हसून म्हणाल्या. "बसा. आधी एक सांगते. मटण विष नाही. त्यात लोह आहे, आणि ते अंगाला जितकं सहज लागतं तितकं पालेभाजीतलं लागत नाही. तुमच्या मुलीच्या अंगात रक्त चांगलं आहे, त्याचं श्रेय तुमच्या दुकानाला आहे."

पप्पा खुर्चीत ऐसपैस बसले.

पुढं त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मटणात कार्निटीन नावाचा पदार्थ असतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि त्यातल्या काही जातींना हे कार्निटीन फार आवडतं. ते त्यावर ताव मारतात आणि एक वायू सोडतात. शिळ्या मासळीला ज्याचा वास येतो तोच हा वायू. तो रक्तातून यकृताकडं जातो आणि यकृत त्याचा टीएमएओ नावाचा पदार्थ बनवतं. कोल्हापुरात एवढं लांबलचक कोण म्हणतंय, आम्ही त्याला नुसतं 'टिमा' म्हणतो. रक्तात टिमा कायम जास्त राहिला की वर्षानुवर्षांनी रक्तवाहिन्यांच्या आत चरबीचा थर धरायला मदत होते. चकतीच्या पोटाला केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीखालच्या पाण्यातला टिमा मोजतात, मागच्या आठवड्याचा मेळ घालतात आणि रंग दाखवतात.

"म्हणजे सगळा खेळ तुमच्या पोटात कुठले जिवाणू नांदतात त्याचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या पोटात ते खादाड जिवाणू कमी आहेत, सर्जेराव. शिवाय तुम्ही मटण खाता तेवढीच भाकरी, कांदा, काकडी खाता. नंदिनी नुसत्या नळ्या फोडते. आणि गंमत बघा, माझ्या पोटात ते जिवाणू जवळजवळ नाहीतच, कारण त्यांना कधी खायलाच मिळालं नाही. मला आज कुणी बळंच वाटीभर मटण घातलं तर माझी चकती हिरवीच राहील."

पप्पांनी कपाळाला हात लावला. "काय उपेग? हिरवी चकती आणि खायाचं न्हाई. फुकट चाललंय बघा सगळं."

डॉक्टर एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

"पण मॅडम," मी विचारलं, "मी एवढा व्यायाम करते. सगळं जिरायला नको का?"

"व्यायामानं तुझं हृदय बळकट झालंय, ते खरंच. पण आतड्यातल्या जिवाणूंना कुणी बैठका मारायला लावलेल्या नाहीत. अंगात रग आहे म्हणजे आत सगळं आलबेल आहे, असं नसतं." मग त्यांनी उपाय सांगितला. महिनाभर मटण पूर्ण बंद. अंडी बेतानं, डाळी, नाचणी, हळीव हे भरपूर. खायला मिळालं नाही की ते जिवाणू आपोआप कमी होतात. नंतर अधूनमधून, बेतानं खाल्लं तरी चालेल. "मटण वाईट नाही. तुझं आणि त्याचं सध्या जमत नाही, एवढंच."

चाचणीला महिनाभरच उरला होता. मी त्याच दिवसापासून मटण सोडलं.

मला वाटलं होतं मला जड जाईल. जड गेलं ते पप्पांना. मी अंड्याचं कालवण भाकरीशी खायला लागले की ते माझ्या ताटाकडं असं बघायचे, जणू मी घर सोडून निघाले आहे. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "काय मालक, पैलवान काय खात्यात सध्या?" आणि पप्पा सुरा चालवत म्हणायचे, "तेच की. नेहमीचं." एकदा ते मी आतून ऐकलं. माझा बाप माझ्यासाठी खोटं बोलत होता आणि ते मला आवडलं नाही.

त्याहून वाईट गोष्ट मॅटवर झाली. मटण सोडून पंधरा दिवस झाले असतील. सरावाला माझ्यासमोर सांगलीची एक पोरगी होती, माझ्याहून वरच्या वजनगटातली. मी तिचा हात बगलेत धरला, आत शिरले आणि ढाक लावून तिला चारी मुंड्या चीत केलं. वस्तादांनी शिट्टी मारली. मी उठून पप्पांकडं बघितलं. ते टाळ्या वाजवत होते, पण चेहरा पडला होता. पोरगी मटणाशिवायही जिंकते, हे त्यांनी आत्ता पाहिलं होतं. मला एकाच वेळी गर्वही वाटला आणि वाईटही वाटलं. बापाला वाईट वाटावं असं जिंकण्यात काय मजा?

पण चकती काही माझं ऐकेना. तीन आठवडे झाले तरी ती लालच. मधे दोन दिवस जराशी पिवळट झाली आणि पुन्हा लाल. दोन आठवड्यांनीच डॉक्टरांनी ती बदलून दुसरी लावली होती. तीही लाल. रक्त काढून तपासलं, तर रक्तातही टिमा होता.

"नंदिनी," त्यांनी दार लावून घेतलं, "मी रागावणार नाही. खरं सांग. खातेस का चोरून?"

माझं डोकं फिरलं. "मॅडम, मी घोटण्यांची पोरगी आहे. खायचं असतं तर भर चौकात बसून खाल्लं असतं, वर तुम्हालाही वाढलं असतं. चोरून खाण्याइतकं मटण आमच्या घरात कधी महाग नव्हतं!"

त्यांनी रक्ताचा अहवाल पुन्हा एकदा उघडून बघितला. मग म्हणाल्या, "बरं. तू खोटं बोलत नाहीस. म्हणजे यंत्र आणि रक्ताची तपासणी दोन्ही चुकतायत, किंवा माझं शास्त्र चुकतंय. तसं असेल तर मला ते जाहीर सांगावं लागेल. लाखो लोक हे दंडावर लावून फिरतायत." त्यांचा आवाज जरा थरथरला. बारा वर्षं त्यांनी या चकतीत घातली होती, आणि एका पोरीच्या शब्दावर त्या ती मोडीत काढायला निघाल्या होत्या. त्या क्षणापासून मला त्या बाईबद्दल फार आदर वाटायला लागला.

पप्पांना कळलं तेव्हा मात्र घरात दिवाळी झाली. "म्हटलं न्हवतं? यंत्र बिघडलंय म्हणून?" त्यांनी लगोलग मटण विक्रेता मंडळाच्या विलासअण्णा कोथमिऱ्यांना फोन लावला. चकती आल्यापासून या मंडळींचा धंदा निम्म्यावर आला होता. अण्णांना असा दाखला हवाच होता. शनिवारी संध्याकाळी, तालमीसमोरच्या पटांगणात सभा ठरली. शनिवार मारुतीचा, दुकानं थंड असतात. ज्या पोरीनं महिनाभर मटणाला हात लावला नाही तिची लाल चकती सगळ्या गावाला दाखवायची, पत्रकार बोलवायचे, आणि यंत्र खोटं ठरवायचं. डॉक्टरही तिथंच आपलं म्हणणं जाहीर सांगणार होत्या. शिबिराच्या अधिकाऱ्यांनीही कळवलं होतं की यंत्रात दोष सिद्ध झाला तर या वर्षी नियम स्थगित होईल. चाचणी सोमवारी होती. म्हणजे माझंही काम झालं असतं.

पप्पा चार दिवस हवेत होते. मी खूश होते असं म्हणायला हवं, पण रक्तातला टिमा कुठून आला, याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

उत्तर शुक्रवारी दुपारी मिळालं. सराव लवकर सुटला म्हणून मी घरी आले तर आई स्वयंपाक करत होती. एका शेगडीवर घरच्यांसाठी मटणाचं मोठं पातेलं होतं, दुसऱ्या शेगडीवर माझ्या मुगाच्या आमटीचं लहान. आईनं मोठ्या पातेल्यातून पळी बुडवून वरचं पाणी काढलं आणि माझ्या आमटीत ओतलं. पुन्हा एक पळी.

"आई, काय घातलंस ते?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"अळणी पाणी की. कसलं म्हंजे?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मटण नुसत्या हळद-मिठात शिजवलं की जे पाणी उतरतं, त्याला, मीठ असूनही, अळणी म्हणतात. आमच्या घरात ते बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात, दात न आलेल्या बाळाला चमच्यानं पाजतात. आमच्यात त्याला मटण कुणी म्हणत नाही. मटण म्हणजे तुकडे. अळणी म्हणजे पाणी.

"रोज घालतेस?"

"रोज. शनवार सोडून. आंबिलात पण घालतो थोडं. नुसत्या मुगावर कुस्ती व्हती व्हय?" मग माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "अगं, डॉक्टरनं मटण बंद कर म्हणून सांगितलंय. अळणी बंद कर म्हणाल्या का त्या? एक तुकडा घातला न्हाई मी, तुझी शपथ."

मी तिथंच ओट्याला टेकले. कार्निटीन पाण्यात मिठासारखं विरघळतं, हे महिनाभर वाचून वाचून मला पाठ झालं होतं. मटणातलं निम्मं कार्निटीन त्या पाण्यातच उतरत असणार, आणि ते मी दोन वेळा वाटी वाटी पीत होते. आणि चवीनं कळलं कसं नाही? कारण आमच्या घरात आमटीला हीच चव असते. ती अळणीची असते हे मला जन्मात कधी कळलं नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. आईला काही कळेना, ती पदरानं माझं तोंड पुसत राहिली.

यंत्र खरं होतं. डॉक्टर खऱ्या होत्या. मीही खरी होते. आणि तरी उद्याची सभा खोटी होणार होती.

खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. आईला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं. गप्प बसले तर सोमवारी शिबिराचं दार उघडं. पप्पांची मान ताठ. पेठेतल्या निम्म्या दुकानांची चूल पुन्हा नीट पेटणार. बोलले तर चकती लाल ती लालच, आणि सोमवारी मी बाहेर. पण मग मला डॉक्टरांचा थरथरणारा आवाज आठवला. उद्या त्या माझ्या शब्दावर उभ्या राहून स्वतःचं शास्त्र खोटं म्हणणार होत्या, आणि लोक चकत्या उपटून फेकणार होते. त्यातल्या कुणाची छाती कधी धरेल, कुणी सांगावं? मला ते सोसलं नसतं.

मी दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. पप्पा ठोकळा घासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही, पण घासून झालेली जागाच ते पुन्हा पुन्हा घासत राहिले.

"आईला बोललीस काय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"बोलू नको. तिनं मायेनं केलंय."

"आणि उद्याचं, पप्पा?"

त्यांनी घासणी खाली ठेवली आणि बादली उचलली.

"सभा तुमची आहे, तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. एवढं आधीच सांगतो."

त्यांनी बादलीभर पाणी ठोकळ्यावर ओतलं आणि मला पाठमोरे होऊन म्हणाले, "जा, जेव जा. आणि ती आमटी नको खाऊस."

शनिवारी पटांगण भरलं होतं. विलासअण्णांनी मोठा पडदा लावून माझी लाल चकती त्यावर दाखवायची सोय केली होती. पहिल्या रांगेत डॉक्टर उपाध्ये एकट्या बसल्या होत्या, मांडीवर हात घट्ट धरून. बायकांच्या घोळक्यात आई होती. पप्पा कालपासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि ते काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं.

अण्णांनी दणक्यात भाषण केलं. यंत्र खोटं, शास्त्र खोटं, आपल्या थाळीवर घाला घालणारे खोटे. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माइक पप्पांच्या हातात दिला.

पप्पांनी घसा साफ केला. "मंडळी, मला भाषण जमत न्हाई. मी पोरगीला घेऊन हितं यंत्र खोटं हाय म्हणून सांगायला येणार हुतो. पण यंत्र खरं हाय."

विलासअण्णा खुर्चीतून अर्धे उठले.

"पोरगीनं मटण खाल्लं न्हाई, हे बी खरं हाय. चूक माझ्या घरात झाली. आमच्यात अळणीला मटण म्हणत न्हाईत. तुमच्यात म्हणत्यात काय? सांगा, हात वर करा. कोण म्हणतंय?"

एकही हात वर आला नाही. कुठंतरी कुणीतरी खुदकन हसलं, आणि बघता बघता सगळं पटांगण हसायला लागलं. कारण प्रत्येकाला आपल्या घरातली आमटी आठवली असणार.

"रोज तिच्या आमटीत अळणी पडलं. चूक माझी."

"तुमची न्हवं, माझी!" बायकांतून आईचा खणखणीत आवाज आला. "पळी माझ्या हातात हुती."

"बरं, तिची," पप्पा म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. मग ते गंभीर झाले. "आता शेवटचं. मी जन्मभर सांगत आलो की पोरगीची ताकद माझ्या मटणाची. हा महिना मी बघितला. पातेल्यातलं अळणी सोडा, एवढ्याशा पाण्यानं कुणी पैलवान व्हत न्हाई. तसं असतं तर अख्खी पेठ पैलवान झाली असती. ताकद तिची हाय. काल ती गप बसली असती तर सोमवारी तिचं काम झालं असतं. ती बसली न्हाई. मग मी कसा गप बसू?"

विलासअण्णा लालबुंद झाले होते. "सर्जेराव, धंद्याचं वाटोळं केलंस!"

"धंदा करीन की मी," पप्पा म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या जिवावर उठून करणार न्हाई, एवढंच."

तेवढ्यात मागून एक जाडजूड गृहस्थ ओरडला, "मालक, मग आम्ही मटण खायाचं का न्हाई, ते सांगा की!"

"हिकडं ये. रंग दाखव." पप्पांनी त्याला पुढं बोलावलं आणि चकती बघितली. "पिवळी. तुला पंधरवड्यातनं एकदा, पावशेर. चरबी काढून देतो. सोबत भाकरी, काकडी, मुळा. आणि रंकाळ्याला चालत फेऱ्या मारायच्या, गाडीवर बसून न्हवं. बरोबर काय, मॅडम?"

डॉक्टर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. "शंभर टक्के बरोबर, सर्जेराव," त्या म्हणाल्या. मग लोक रांगेनं पप्पांपुढं दंड घेऊन यायला लागले, आणि माझ्या बापानं त्या संध्याकाळी निम्म्या गावाला, किती मटण विकणार नाही ते सांगितलं. अण्णा मंडप सोडून निघून गेले. मी कठड्याला टेकून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. असा बाप असल्याचा माज चढला होता म्हणा ना.

जाता जाता डॉक्टर माझ्याजवळ आल्या. "दोन दिवसांत ही चकती हिरवी होणार नाही, नंदिनी. आणि मी नियम वाकवणार नाही."

"वाकवू नका," मी म्हणाले. "पण चाचणीच्या कुस्त्या मला खेळू द्या."

तेवढा अधिकार त्यांना होता. सोमवारी माझ्या तीन कुस्त्या झाल्या. तिन्ही मी मारल्या, त्यातली शेवटची मिनिटभरात. दिवाळीनंतर पुन्हा चाचणी आहे हे मला माहीत होतं. मग सगळ्या पोरींना ओळीत उभं करून अधिकाऱ्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. पात्र, पात्र, पात्र. माझं नाव आलं.

"राजनंदिनी घोटणे, कोल्हापूर. चकती लाल. अपात्र."

पुढचं नाव येण्याआधीच एका माणसानं उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जोरजोरात, हात दुखेपर्यंत. सगळे माना वळवून बघायला लागले. अधिकाऱ्यांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. "अहो, अपात्र म्हटलं," ते माइकवरून म्हणाले.

"ऐकलं की," पप्पा टाळ्या न थांबवता म्हणाले. "खरं बोलून बाहेर पडली ती. माझी पोरगी हाय."